वानप्रस्थी दांपत्य

वानप्रस्थी दांपत्य : संसाराच्या मुख्य जबाबदाऱ्या आटोपल्यावर, बहुधा नोकरीतून सेवानिवृत्त झाल्यावर, पती-पत्नीने मिळून घरापासून दूरच्या प्रदेशात एखाद्या धार्मिक अथवा सामाजिक संस्थेच्या कामासाठी राहायला जाणे, ही प्रथा आणि असे राहणारे जोडपे या दोहोंना अनुलक्षून ही संज्ञा वापरली जाते. नागपूर व विदर्भातील सेवासंस्थांत अशांना ‘वानप्रस्थी कार्यकर्ते’ म्हणतात. ख्रिस्ती संप्रदायांत जवळपास याच स्वरूपाच्या सेवकांना ‘ज्येष्ठ मिशनरी दांपत्य’ असे नाव आहे. मानधन बहुधा नसते. जोडप्याचा खर्च निवृत्तिवेतनातून किंवा साठवलेल्या पैशांतून चालतो.

‘मिशनरी’ हा शब्द मराठीत दोन अर्थांनी रुळला आहे. धर्मप्रसारासाठी आलेला ख्रिस्ती पाद्री हा पहिला अर्थ आणि एखाद्या कामाला आयुष्य वाहून घेतलेला माणूस हा दुसरा. ‘मिशनरी बाण्याने काम करणे’ हा वाक्प्रयोग पहिल्या अर्थाच्या मिशनऱ्यांना कडवा विरोध असणारेही प्रशंसेने करतात. वानप्रस्थी दांपत्याच्या आधुनिक कल्पनेत या दुसऱ्या अर्थाचा वाटा धर्मशास्त्रातील वानप्रस्थाइतकाच आहे, असे प्रस्तुत नोंदकारास वाटते.

आश्रमकल्पनेचा उगम : वानप्रस्थ हा चार आश्रमांपैकी तिसरा, ही समजूत आज सार्वत्रिक आहे, परंतु तिचे मूळ वादग्रस्त आहे. ऐतरेय ब्राह्मणातील शुनःशेपाख्यानाच्या एका गाथेत मल, अजिन (मृगचर्म), श्मश्रू (दाढी) आणि तप यांचा उल्लेख येतो आणि त्यात भारतरत्न पां. वा. काणे यांना चार आश्रमांचा अस्पष्ट निर्देश दिसतो. छांदोग्योपनिषदातील ‘त्रयो धर्मस्कन्धाः’ (धर्माच्या तीन शाखा) हे वचनही याच संदर्भात पुढे केले जाते. मात्र तपस्वी लोकांचा उल्लेख असणे आणि आश्रमांची व्यवस्था असणे या भिन्न गोष्टी आहेत, हा संस्कृतचे अभ्यासक पॅट्रिक ऑलिव्हेल यांचा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही.

व्यवस्थेचे स्पष्ट वर्णन धर्मसूत्रांत, म्हणजे आचारधर्मावरील प्राचीन सूत्रग्रंथांत, येते. त्यांचा काळ स्थूलमानाने इ. स. पू. सहाव्या ते दुसऱ्या शतकांदरम्यान मानतात. अलीकडील अभ्यासक त्यातील उत्तरार्धाकडे अधिक झुकतात. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, धर्मसूत्रकार गौतमाने तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी आश्रम हे ‘विकल्प’ असल्याचे काहींचे मत नोंदवले आहे आणि अध्यायाच्या शेवटी गृहस्थ हाच एक आश्रम असल्याचे आचार्यांचे मत दिले आहे. त्याच्या यादीत ‘वानप्रस्थ’ हा शब्दही नाही, तेथे ‘वैखानस’ आहे. बौधायनाने तर आश्रमांचे हे भेद प्रल्हादपुत्र कपिल नावाच्या असुराने केले, असे सांगून शहाण्याने त्यांचा आदर करू नये, असा शेरा मारला आहे. नंतरच्या टीकाकारांनी या मतांची समुच्चय, विकल्प आणि बाध अशा तीन पक्षांत विभागणी केली. समुच्चयपक्षी चारही आश्रम क्रमाने घ्यायचे, विकल्पपक्षी अध्ययन संपल्यावर त्यांपैकी एक निवडून आयुष्यभर पाळायचा आणि बाधपक्षी गृहस्थाश्रम सोडून बाकीचे अप्रमाण.

ऑलिव्हेल यांच्या प्रतिपादनानुसार विकल्प हाच मूळ पक्ष होय. आश्रम म्हणजे तरुणापुढे खुले असलेले चार मार्ग होते आणि वयाच्या क्रमाने चढायच्या पायऱ्या हे त्यांचे रूप पुढे, मुख्यतः मनुस्मृतीने, रूढ केले. मनुस्मृतीचा काळ तिचे भाषांतरकार ब्यूलर यांनी इ. स. पू. २०० ते इ. स. २०० च्या दरम्यान धरला होता. जाबालोपनिषदात क्रम सांगून झाल्यावर लगेच ब्रह्मचर्यातूनही प्रव्रज्या (संन्यास) घेण्याची मुभा दिली आहे, म्हणजे दोन्ही पक्षांची गाठ तेथे अद्याप सुटलेली नव्हती. उपलब्ध पुराव्याचा कल ऑलिव्हेल यांच्या बाजूने अधिक दिसतो. हा वाद केवळ पोथीतला नाही. साठीला पोचल्यावर घर सोडणारे जोडपे आपण वयाचा धर्म पाळतो असे म्हणत असले, तरी प्रत्यक्षात ते निवड करत असते. त्यांच्या बरोबरीचे बहुसंख्य लोक घरीच राहतात आणि त्यांना कोणी अधर्मी म्हणत नाही.

पत्नीचे स्थान : वानप्रस्थ घेणाऱ्याच्या पत्नीने काय करावे, याविषयी स्मृतींचे शब्द तपासण्याजोगे आहेत. आपस्तंबाने क्रमपक्ष सांगताना ‘सदारः सप्रजः सहाग्निभिर्बहिर्ग्रामाद्वसेत्’, म्हणजे पत्नी, मुले व अग्नी यांच्यासह गावाबाहेर राहावे, असे आधी सांगितले आणि ‘एको वा’ हा एकट्याचा पर्याय नंतर दिला. मनूने क्रम उलटा केला. पत्नीला मुलांच्या हवाली करून वनात जावे, ‘सहैव वा’, किंवा तिच्यासहच. याज्ञवल्क्याच्या ‘तया वानुगतः’ या शब्दांत ती मागून येणारी झाली. एकूण, काळ पुढे सरकला तशी पत्नीची सोबत मुख्य पक्षाकडून पर्यायाकडे गेली, असे अनुमान करता येते. अर्थात ग्रंथांचा परस्परक्रमच पूर्णतः निर्विवाद नसल्याने त्यावर फार भार टाकू नये. काव्यात मात्र सहगमनाचीच आठवण अधिक ठसठशीत राहिली. सासरी निघालेली शकुंतला या तपोवनाचे दर्शन पुन्हा केव्हा, असे विचारते, तेव्हा कण्व तिला सांगतो की, मुलाच्या खांद्यावर कुटुंबाचा भार देऊन पतीसह तू या शांत आश्रमात पुन्हा पाऊल ठेवशील.

वयाचा आकडा मनूने वानप्रस्थाच्या आरंभी दिलेला नाही. अंगावर सुरकुत्या, केस पांढरे आणि ‘अपत्यस्यैव चापत्यम्’, म्हणजे नातवंडाचे तोंड दिसणे, या त्याच्या खुणा होत. पुढे त्याने वनवासाला आयुष्याचा तिसरा भाग म्हटले असल्याने शंभर वर्षांच्या हिशेबाने पन्नास ते पंचाहत्तर हे वय लोकरूढ झाले. आज सुरकुत्यांचे काम सेवानिवृत्तीच्या आदेशाने पत्करले आहे. महाराष्ट्र शासनाच्या बहुतेक कर्मचाऱ्यांसाठी ते ५८ व्या वर्षी, केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी १९९८ पासून ६० व्या वर्षी हाती पडते. नातवंडाची खूण मात्र नेमकी उलटी फिरली आहे. मनूच्या लेखी नातवाचा जन्म ही निघण्याची वेळ होती, तर नागपूरच्या घरांत तोच थांबण्याचे, किंवा पुणे, बंगळूरू वा अमेरिकेत मुलाकडे जाऊन बाळ सांभाळण्याचे सर्वांत बळकट कारण ठरतो. जोडप्याचा निर्णय अडतो तो बहुधा या ठिकाणी, पैशांपाशी क्वचितच.

मध्ययुगात कलिवर्ज्यांच्या, म्हणजे कलियुगात निषिद्ध मानलेल्या आचारांच्या, याद्यांत, उदाहरणार्थ बृहन्नारदीय पुराणात, वानप्रस्थाश्रमाचा समावेश झाला. व्यवहारात काशीवास आणि क्षेत्रसंन्यास (तीर्थक्षेत्र न सोडण्याचे व्रत) यांनी त्याची जागा घेतलेली दिसते.

आधुनिक प्रथा : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘आजीव सेवक’ ही कल्पना पुण्यात शिक्षणसंस्थांतून रुजली, १९०५ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. हे सारे भर वयातील पुरुषांसाठी होते. नागपुरात १९२५ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या प्रचारकपद्धतीत प्रचारक, म्हणजे पूर्णवेळ कार्यकर्ता, अविवाहित असतो. त्यामुळे गृहस्थाला पूर्णवेळ कामासाठी उरतो तो निवृत्तीनंतरचा काळ आणि पत्नीसह निघण्याची वाटही तेथूनच फुटते. वानप्रस्थी ही वेगळी श्रेणी निर्माण होण्याचे हे संघटनात्मक कारण धर्मशास्त्रीय कारणाइतकेच महत्त्वाचे आहे.

नागपूरपासून सुमारे ७५ किमी.वरील सेगाव (पुढे सेवाग्राम) येथे १९३६ मध्ये महात्मा गांधी राहावयास गेले, तेव्हा ते ६६ वर्षांचे आणि कस्तुरबा ६७ वर्षांच्या होत्या. गुजरातचे घर मागे सुटलेले हे वृद्ध जोडपे प्रस्तुत प्रथेचे सर्वांत ज्ञात उदाहरण म्हणता येईल, जरी त्यांनी तसे नाव घेतले नाही. पहिले बांधलेले आदिनिवास म्हणजे सगळ्यांची मिळून एक खोली होती. गांधीजी, सहकारी आणि येणारेजाणारे तेथेच राहत आणि त्या पुरुषांच्या वर्दळीत कस्तुरबांना स्वतःचा असा आडोसा नव्हता. पुढे त्यांच्यासाठी वेगळी बा-कुटी झाली. सेवाग्रामला जाणाऱ्याने ती लहानशी कुटी सावकाश पाहावी. ‘सहैव वा’ या दोन शब्दांत पत्नीच्या निवाऱ्याचा जो प्रश्न न विचारता राहून गेला होता, तो तेथे मातीच्या भिंतींनी सोडवलेला दिसतो.

डोंगराळ व वनप्रदेशांकडे वळण्यामागे नागपूरचा प्रशासकीय इतिहासही आहे. जुन्या मध्य प्रांताची राजधानी येथे होती आणि मूळचे अमरावतीचे रमाकांत केशव ऊर्फ बाळासाहेब देशपांडे हे सरकारी कामावरच जशपूरला (आजच्या छत्तीसगडमध्ये) गेले होते. तेथे त्यांनी १९५२ मध्ये वनवासी कल्याण आश्रम स्थापन केला. ख्रिस्ती मिशनांच्या कार्याची चौकशी करणारी, नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती १९५४ मध्ये नेमली गेली आणि १९५६ मध्ये तिचा अहवाल नागपुरात छापला गेला. त्या अहवालाच्या निष्कर्षांवर तेव्हापासून वाद आहे. सेवा आणि धर्मप्रसार यांची सीमारेषा कोठे, हा त्यातील प्रश्न हिंदू व ख्रिस्ती दोन्ही संस्थांना लागू पडतो. विवेकानंद केंद्राची स्थापना १९७२ मध्ये, अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या व नागपुरात शिकलेल्या एकनाथ रानडे यांनी केली. १९७७ पासून अरुणाचल प्रदेशात केंद्राची विद्यालये सुरू झाली. केंद्राच्या रचनेत जीवनव्रती (आजीवन कार्यकर्ते), सेवाव्रती (ठरावीक मुदतीचे कार्यकर्ते) यांच्याबरोबर वानप्रस्थी अशी स्वतंत्र श्रेणी आहे.

ख्रिस्ती परंपरेत नागपूरला आलेले स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये पत्नीसह आले तेव्हा २७ वर्षांचे होते आणि १८६३ मध्ये टाकळघाटजवळ पुराच्या पाण्यात बुडून वारले. त्या काळी मिशनरी तरुणपणी येत. निवृत्त जोडप्यांची योजना विशेषत्वाने आढळते ती सॉल्ट लेक सिटी येथे मुख्यालय असलेल्या ‘लॅटर-डे सेंट्स’ या संप्रदायात. तेथे ज्यांच्या घरी सांभाळण्याजोगी मुले उरलेली नाहीत, अशी जोडपी ६, १२, १८ किंवा २३ महिन्यांसाठी जातात, खर्च मुख्यतः स्वतः सोसतात आणि घरोघर प्रचार करण्याऐवजी कार्यालय, मदतकार्य, कागदपत्रांचे जतन अशी कामे बहुधा करतात. या संप्रदायाचे भारतातील मिशन १९९३ मध्ये बंगळूरूला आणि २००७ मध्ये दिल्लीला सुरू झाले. मुदत आधीच ठरलेली असणे हा या योजनेचा गुण वानप्रस्थी प्रथेने घेण्याजोगा आहे.

जीवनक्रम : नागपूरचे जोडपे ईशान्येकडे निघते ते बहुधा हावडा मार्गाने. अरुणाचलसाठी १८७३ च्या नियमावलीतून आलेला अंतर्गत सीमा परवाना, म्हणजे इनर लाइन परमिट, काढावा लागतो. सामानात तुरीची डाळ, ज्वारीचे पीठ, काळा मसाला आणि उन्हाळ्यात गच्चीवर वाळवलेल्या कुरड्या-सांडग्यांचा डबा असतो. औषधे तीन महिन्यांची. मे महिन्यात ४५ अंश सोसलेल्या शरीराला तेथील दमट गारवा मानवायला वेळ लागतो. डिसेंबरात सूर्य साडेचारच्या आतच मावळतो आणि नागपूरला जी वेळ चहाची ती तेथे दिवेलागणीची होते. पहिल्या वर्षात सर्वांत जड जाते ती ही लांब संध्याकाळ. निवृत्तिवेतनधारकाला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’ ही संगणकीय सोय झाली नव्हती तोवर त्यासाठी बँक गाठण्याची खटपट वेगळीच होती.

कामाची वाटणी बरेच काही सांगून जाते. पतीकडे हिशेब, बांधकाम वा कार्यालय येते. पत्नीकडे नेमून दिलेले काम थोडे आणि अंगावर आलेले पुष्कळ. वसतिगृहात पहिल्यांदाच घराबाहेर राहिलेले मूल रात्री रडू लागले, की ते कार्यालयात जात नाही, आजीच्या दाराशी येते. तिने त्याला पांघरुणात घेऊन बसवलेल्या त्या तासाची नोंद कोणत्याही कार्यवृत्तात होत नाही. वृत्तांत नाव बहुधा पतीचे आणि पुढे ‘सपत्नीक’ एवढेच. प्रस्तुत विषयावरील साधने याच ठिकाणी सर्वांत तोकडी आहेत आणि हयात असलेल्या अशा स्त्रियांची कथने वेळीच टिपून घेतली पाहिजेत.

बाबा आमटे आणि मूळच्या नागपूरच्या साधनाताई यांचे नर्मदाकाठचे वास्तव्य येथे नोंदवले पाहिजे, जरी ते कोणत्याही वानप्रस्थी योजनेचा भाग नव्हते. १९९० मध्ये, पंचाहत्तरीत, बाबा स्वतःच उभारलेले आनंदवन सोडून मध्य प्रदेशातील बडवानीजवळ कसरावद येथे धरणग्रस्तांच्या लढ्यासाठी राहायला गेले. मणक्याच्या विकारामुळे त्यांना बसता येत नसे. ते उभे राहत किंवा पडून असत. अशा माणसाचा संसार नदीकाठी नव्याने मांडणे म्हणजे काय, हे साधनाताईंनी जवळपास दहा वर्षे अनुभवले.

परतणे : मनूचा वानप्रस्थी परत येत नाही. तो पुढे संन्यास घेतो किंवा ‘अपराजिता’ म्हणजे ईशान्य दिशेकडे, केवळ पाणी व वारा यांवर, देह पडेपर्यंत चालत राहतो. आजच्या ईशान्यगामी जोडप्यांशी या दिशेचा संबंध जोडणे हा केवळ योगायोगाचा खेळ ठरेल. ही जोडपी परत येतात. कधी मुदत संपली म्हणून, अधिक वेळा दोघांपैकी एकाची प्रकृती ढासळली म्हणून. आमटे दांपत्यही अखेर आनंदवनात परतले. जोडप्यातील एक जण कामाच्या ठिकाणीच निवर्तला, तर मागे राहिलेल्याने तेथेच थांबावे की मुलांकडे जावे, याविषयी स्मृतींत वचन नाही आणि संस्थांतही हा निर्णय त्या त्या वेळी, बहुधा मुलांच्या दूरध्वनीवरून, होतो.