वॉलआय की सॉगर? पानगळीच्या अखेरीस एकाच गळाला लागणारे दोन मासे

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेवर लेक ऑफ द वूड्स हा प्रचंड तलाव आहे. ऑक्टोबर सरत आला की त्याच्या दक्षिण भागात एकाच बोटीवरून सोडलेल्या गळाला दोन मासे आलटून पालटून लागतात: वॉलआय आणि सॉगर. दोघांचं अंग लांबट, जबड्यात सुळे, डोळे मोठे आणि दुधाळ. बहुतेक हौशी मंडळी दोघांनाही वॉलआय म्हणून मोकळी होतात. सॉगर म्हणजे नीट न वाढलेला वॉलआय, असंही अनेकांना वाटतं. तसं नाही. कूळ एकच, पर्च माशांचं, पण जाती दोन: सँडर व्हिट्रियस हा वॉलआय आणि सँडर कॅनाडेन्सिस हा सॉगर. सॉगर स्वतंत्र मासा आहे, त्याच्या सवयी वेगळ्या आहेत आणि त्याला त्याच्या नावाने ओळखलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

ओळखायला सुरुवात शेपटीपासून करा. वॉलआयच्या शेपटीचं खालचं टोक पांढरं असतं, इतकं ठळक की मासा पाण्याबाहेर यायच्या आधीच दिसतं. सॉगरला असं पांढरं टोक नसतं. फार तर खालच्या कडेने एक बारीक फिकट रेघ असते. पण शेपटी कधी फाटलेली, झिजलेली असते. म्हणून माझा खरा भरवसा पाठीवरच्या पुढच्या, काटेरी परावर आहे. तो बोटाने हलकेच उभा करून पाहावा. सॉगरच्या परावर काळ्या ठिपक्यांच्या ओळी असतात. वॉलआयच्या परावर अशा ओळी नसतात. त्याऐवजी मागच्या बाजूला, शेवटच्या दोन-तीन काट्यांच्या मुळाशी एकच काळा डाग असतो. या दोन खुणा जुळल्या की शंका राहत नाही.

रंगावर मात्र जाऊ नये. सॉगर करडा-तपकिरी, पाठीवरून कुशीवर उतरणारे गडद पट्टे असलेला, आणि वॉलआय सोनेरी-हिरवट, हे वर्णन खरं आहे. पण लहान वॉलआयच्या अंगावरही पट्टे असतात आणि पाण्यानुसार रंग बदलतो. गोंधळ नेमका याच बारा-तेरा इंची माशांमध्ये होतो. अशा वेळी गालावरून बोट फिरवावं. सॉगरचा गाल खवल्यांनी खरखरीत लागतो, वॉलआयचा बराचसा गुळगुळीत.

डोळ्यांवरून दोघे वेगळे ओळखू येत नाहीत, पण त्यांच्या सवयींमधल्या फरकाचं मूळ तिथेच आहे. दोघांच्याही दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा थर असतो, मांजराच्या डोळ्यात असतो तसा. आलेला उजेड या थरावरून उलटून पुन्हा दृष्टिपटलातून जातो, त्यामुळे मिणमिणत्या प्रकाशातही भक्ष्य दिसतं. सॉगरमध्ये हा थर दृष्टिपटलाचा जास्त भाग व्यापतो. म्हणून मिसूरी, मिसिसिपीसारख्या गढूळ नद्या त्याला मानवतात. लेक ऑफ द वूड्सचा दक्षिणेकडचा बिग ट्रॅव्हर्स बे विस्तीर्ण पण उथळ आहे, तळाला चिखल आहे आणि वाऱ्याने तो सतत ढवळला जातो. अशा पाण्यात वॉलआयइतकाच सॉगरही सुखाने राहतो.

पानगळीच्या अखेरीस पाणी थंडावतं आणि एमराल्ड शायनर नावाच्या चिमुकल्या माशांचे थवे या तलावाला मिळणाऱ्या रेनी नदीकडे सरकतात. वॉलआय त्यांच्या मागावर नदीच्या मुखाशी, फोर माइल बेमध्ये आणि खुद्द नदीत शिरतो. माद्यांच्या पोटात वसंतातल्या विणीसाठी अंडी तयार होऊ लागलेली असतात, त्यामुळे त्या भरपूर खातात. मोठ्या वॉलआयसाठी बर्फ धरायच्या आधीचे हे आठवडे वर्षातले सर्वांत चांगले, असं मी म्हणेन. सॉगरचा जीव मात्र खोल, गाळाच्या तळावर रमतो, तीस फूट आणि त्याखाली.

वेळेचाही फरक आहे. वॉलआय पहाटे, तिन्हीसांजेला किंवा वाऱ्याने पाणी डहुळलेलं असताना जोरात खातो. लख्ख उन्हाच्या दुपारी तो थंडावला, तरी खोल पाण्यात सॉगर सुरू असतो. पद्धत दोघांसाठी एकच: बोट नांगरायची, जिगला म्हणजे शिशाचं डोकं असलेल्या गळाला गोठवलेला शायनर लावायचा आणि तळाजवळ सावकाश वर-खाली करायचा. सोनेरी रंगाचा जिग इथे फार चालतो. सॉगर हवा असेल तर आमिष तळाच्या अगदी लगत ठेवावं.

आकारात तुलनाच नाही. सॉगरचा जागतिक विक्रम ८ पौंड १२ औंसांचा, नॉर्थ डकोटातल्या लेक साकाकाविआमधला, १९७१चा. वॉलआयचा टेनेसीतल्या ओल्ड हिकरी लेकमधला, १९६०चा, तब्बल २५ पौंडांचा. त्याविषयी वाद झाले, पण दहा पौंडी वॉलआय आजही मिळतात.

ओळख पटवण्यावर कायदाही अवलंबून आहे. तलावाच्या मिनेसोटाच्या बाजूला दोन्ही मिळून माणशी सहा मासे ठेवता येतात आणि त्यांत वॉलआय चारच. साडेएकोणीस ते अठ्ठावीस इंचांमधला वॉलआय लगेच सोडावा लागतो, त्याहून मोठा एकच ठेवता येतो. वीण टिकवणाऱ्या माद्या या मापात येतात, म्हणून हा नियम मला अगदी योग्य वाटतो. नियम बदलतात, तेव्हा त्या वर्षाची पुस्तिका पाहूनच जावं. कॅनडाच्या बाजूचे नियम वेगळे आहेत.

मासा सोडला म्हणजे वाचला असं नाही. दोन्ही जातींत पोटातल्या हवेच्या पिशवीला अन्ननलिकेशी जोडणारी नळी नसते. तेहेतीस फुटांवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथून मासा झरझर वर आणला की पिशवी फुगते आणि हवा बाहेर जायला वाट नसते. पाणी गार आहे एवढ्याने हे टळत नाही. म्हणून खोल पाण्यात ‘लहान सोडू, मोठा मिळेपर्यंत बसू’ हा खेळ करूच नये. खाण्यापुरते सॉगर झाले की गळ गुंडाळावा, किंवा उथळ पाण्यात जावं.

ताटात दोघांत मला फारसा फरक जाणवत नाही: मांस पांढरं, सौम्य, काटे काढायला सोपे. ट्विन सिटीजमधल्या, म्हणजे मिनियापोलिस-सेंट पॉलच्या, मराठी घरांत हळद, तिखट, मीठ आणि लिंबू लावून रव्यात तळायला दोन्ही उत्तम. मसाला मात्र सुरमईला लावतो त्याच्या निम्माच लावावा, नाहीतर चव दबते.

जिथे दोघे एकत्र वितात, तिथे कधीकधी त्यांचा संकरही होतो. त्याला सॉगआय म्हणतात. त्याच्यात खुणांची सरमिसळ असते: शेपटी वॉलआयची, परावर पुसट ठिपके. साफ करताना जठराच्या टोकाला असलेल्या बोटांसारख्या पिशव्या पाहिल्या तर उलगडा होऊ शकतो. वॉलआयला त्या तीन आणि लांब असतात, सॉगरला पाच किंवा जास्त आणि आखूड. पण बोटीवर निर्णय त्याआधीच घ्यावा लागतो. शेपटी एक आणि पर दुसरंच सांगत असेल, तर तो मासा मी वॉलआयच्या चारांतच मोजतो.