वल्ही मारता मारता खाल्लेलं पीठ

इ.स.पू. ४२७. अथेन्सविरुद्ध बंड केलेल्या मिटिलीनी या ग्रीक शहरातल्या सगळ्या पुरुषांना ठार मारायचा हुकूम घेऊन अथेन्सहून एक गलबत सुटलं. दुसऱ्या दिवशी अथेन्सकरांना स्वतःच्या क्रौर्याची जाणीव झाली आणि हुकूम फिरवणारं दुसरं गलबत निघालं. पहिलं तोवर जवळपास एक दिवस-रात्र पुढे गेलेलं. एरवी जेवायला गलबतं किनाऱ्याला लागत. या वेळी वल्हेकरी वल्ही मारता मारताच जेवले, असं इतिहासकार थुसिडिडीस सांगतो. काय खाल्लं? वाइन आणि तेलात कालवलेलं जवाचं पीठ. झोपलेही पाळीपाळीने. सरसकट कत्तल थोडक्यात टळली.

पीठ कच्चंच खाल्लं की काय? नाही. जवाचं टरफल दाण्याला घट्ट चिकटलेलं असतं, गव्हासारखं मळणीत सुटत नाही. म्हणून ग्रीक बायका जव आधी भाजत. टरफल ठिसूळ होई, दाण्याला खमंग वास येई, मग भरडून जाडसर पीठ काढत. चूल न पेटवता खाता येणारं. आपल्याकडे सातूचं पीठ कालवून खाल्लेल्यांना हे वेगळं समजवायला नकोच.

या पिठाला ग्रीक म्हणत 'अल्फिता'. गव्हाचं पीठ ते 'अलेउरा'. अल्फिता मळून केलेला गोळा म्हणजे 'मादझा', आणि भट्टीत भाजलेला गव्हाचा पाव 'आर्तोस'. जवात गव्हासारखं ताणलं जाणारं ग्लुटेन तयार होत नाही, त्यामुळे त्याचा पाव नीट फुगत नाही. पण अथेन्सभोवतालच्या उथळ जमिनीत, कमी पावसात जवच भरवशाचं. म्हणून मादझा रोजची. सरकारी भोजनगृहात रोज मादझा आणि सणाला आर्तोस द्यावा, असा नियम अथेन्सचा जुना कायदेकर्ता सोलोन याच्या नावावर सांगितला जातो.

आपण 'भाकरीचा प्रश्न' म्हणतो, तसं ग्रीकांत 'अल्फिता' म्हणजे पोटापाण्याची सोयही. आणि मादझा लॅटिनमध्ये 'मास्सा' झाली. वस्तुमानासाठीचा इंग्रजी शब्द 'मास' तिथूनच आला.

मला मात्र या पिठामागची एक बाई विसरता येत नाही. होमरच्या 'ओडिसी' या ग्रीक महाकाव्यात ओडिसियस राजाच्या वाड्यातल्या जात्यांवर बारा जणी दळतात, 'माणसांची मज्जा' (हाडांतला गर) म्हटलेलं जवाचं आणि गव्हाचं पीठ. ते जातं राणीला मागणी घालत वाड्यात ठाण मांडून बसलेल्यांच्या पोटात. अकरा जणींचं दळण उरकतं, त्या झोपी जातात. सगळ्यांत अशक्त असलेली बारावी मात्र अजून दळतेच आहे. उजाडताना ती जातं थांबवते आणि देवांचा राजा झ्यूस याच्याकडे मागणं मागते: ज्यांच्यासाठी दळून माझे गुडघे गळाले, त्यांचं आजचं जेवण शेवटचं ठरो.