९८ दिसलं की सिस्टर ऑक्सिजन का कमी करते?

पुण्यातल्या कुठल्याही एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, दिसणारं दृश्य. सातव्या महिन्यात झालेलं बाळ पेटीत, नाकाला बारीक नळी, पायाला ऑक्सिमीटरची पट्टी; रक्तातलं हिमोग्लोबिन किती टक्के ऑक्सिजनने भरलंय, ते ही सांगते. मशीनवर ९८ उमटतं आणि काचेबाहेरची आजी हात जोडते. तेवढ्यात अलार्म वाजतो, सिस्टर येते आणि ऑक्सिजन कमी करते. "अहो, चांगलं चाललं होतं की!" आजीचं काही चुकत नाही. २०२१च्या एप्रिलात, कोविडच्या लाटेत, चाकणहून ऑक्सिजनचा टँकर निघाला का याकडे शहर डोळे लावून बसलं होतं, तेव्हा आकडा ९४च्या खाली गेला की घरोघरी पोटात गोळा यायचा. जास्त आकडा म्हणजे बरं, हे तेव्हापासून डोक्यात बसलंय.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाला हा हिशेब चालत नाही. नळीतून ऑक्सिजन चालू असताना आकडा साधारण ९० ते ९५ मध्ये ठेवतात. त्याच्या वर मशीनचा आकडा फारसा हलत नाही, रक्तातला ऑक्सिजन मात्र बराच चढलेला असू शकतो.

पहिला फटका लक्षात आला तो डोळ्यांचा. १९४२ साली बॉस्टनचे नेत्रतज्ज्ञ टेरी यांनी कमी दिवसांच्या बाळांमधल्या एका नव्या अंधत्वाची नोंद केली. ऑक्सिजन मुक्त हस्ते देणाऱ्या, सुसज्ज रुग्णालयांतच ते जास्त दिसत होतं. १९५१ मध्ये मेलबर्नच्या बालरोगतज्ज्ञ केट कॅम्पबेल यांनी ऑक्सिजनकडे बोट दाखवलं. मग अमेरिकेतल्या १८ रुग्णालयांनी मिळून चाचणी केली आणि १९५४ मध्ये संशय खरा ठरला. तोवर जगभरात सुमारे १०,००० मुलं दृष्टी गमावून बसली होती. घाबरून ऑक्सिजन ४० टक्क्यांच्या आत आणला गेला, तर श्वासाला धडपडणारी बाळं दगावू लागली. एका मुलाची दृष्टी वाचवताना सुमारे १६ बाळं गेली, असा अंदाज १९७३ साली ब्रिटनमध्ये मांडला गेला. अंदाजच तो, पण वाचताना थबकायला होतं.

फुप्फुसांची कथा उशिरा सुरू झाली, कारण त्याआधी अशी बाळं फारशी जगतच नव्हती. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वायुकोश, म्हणजे फुप्फुसातले हवेचे बारीक फुगे, उघडे ठेवणारं सरफॅक्टंट अशा बाळांत कमी असतं, हे संशोधक मेरी एलेन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्येच दाखवलं होतं. औषध मात्र नव्हतं. दाबाखाली ऑक्सिजन देणाऱ्या बंद कक्षात ठेवूनही तो ३९ तासांतच गेला. पुढे व्हेंटिलेटर आले, बाळं तगू लागली. १९६७ मध्ये स्टॅनफर्डचे क्ष-किरणतज्ज्ञ नॉर्थवे आणि सहकाऱ्यांनी ३२ बाळांचा अभ्यास छापला. ८० ते १०० टक्के ऑक्सिजनवर आठवडाभर राहून जगलेल्या बाळांची फुप्फुसं एक्स-रेत वेगळीच दिसत होती: कुठे फुगलेली, कुठे आक्रसलेली. ब्रॉन्कोपल्मनरी डिस्प्लेशिया, म्हणजेच बीपीडी, हे नाव तेव्हा पडलं. व्हेंटिलेटरच्या दाबाचाही यात हात असतो. सगळा दोष ऑक्सिजनच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

पण नेमकं बिघडतं काय? पोटातलं बाळ आपल्यापेक्षा खूपच कमी ऑक्सिजनवर वाढतं. ऑक्सिजनच्या उपद्रवी रेणूंना आवरणारी एन्झाइम्स शरीरात वाढतात ती दिवस भरत आल्यावर. त्याआधी बाहेर आलेल्या बाळाला साधी हवासुद्धा जड. मग शुद्ध ऑक्सिजनचं काय सांगावं! शिवाय मोठ्या माणसातले ३० ते ५० कोटी वायुकोश बहुतांशी जन्मानंतरच तयार होतात. उंदरांची पिल्लं जन्मतःच या अर्धवट टप्प्यावर असतात. त्यांना काही दिवस ८५ टक्के ऑक्सिजनमध्ये ठेवलं, की वायुकोश मोजके पण मोठाले होतात आणि त्यांच्याभोवतीच्या केशवाहिन्याही विरळ राहतात. पुढे सरफॅक्टंट औषध म्हणून मिळू लागलं, ते मिळून जगलेल्या अगदी लहान बाळांतही हेच चित्र दिसू लागलं. फुप्फुसावर व्रण थोडे, पण वाढ थांबलेली. अशा मुलांना पहिल्या दोन वर्षांत सर्दी-खोकल्याचं निमित्तही दवाखाना गाठायला पुरतं.

या कथेत दिल्लीही आहे. १९९३ मध्ये तिथले डॉक्टर सिद्धार्थ रामजी आणि नॉर्वेचे ओला सॉगस्टॅड यांनी, जन्मतः श्वास न घेणाऱ्या ८४ बाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. साधी हवाही शुद्ध ऑक्सिजनइतकीच कामी येते, असं त्यात दिसलं. २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय सूचनांनी पूर्ण दिवसांच्या बाळाला आधी हवाच द्यायला सांगितलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत, आकडा ८५ ते ८९ ठेवलेल्या बाळांत अंधत्व आणणारा आजार कमी, पण मृत्यू जास्त आढळले. म्हणून खालची रेषा ९०च्या आसपास आली.

तालुक्याच्या गावाहून पुण्याकडे निघालेल्या अँब्युलन्समध्ये मात्र अजूनही बरंच काही सिलिंडरवर ठरतं. सिलिंडरमधून १०० टक्केच निघतो. हवा मिसळायला ब्लेंडर लागतो. एनआयसीयूत पोचल्यावर तोच जोडतात आणि काटा २१ कडे, म्हणजे साध्या हवेकडे, एकेक पायरी उतरवत नेतात. सिस्टर ज्या दिवशी "बाळ रूम एअरवर आलं" म्हणते, त्या दिवशी नळी निघते.