रीलफूट तळे आणि लेक काउंटी : पार्श्वभूमी

अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या वायव्य टोकाला, मिसिसिपी नदीच्या काठी, जेमतेम सात हजार वस्तीची लेक काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडचा जिल्हा. मात्र वस्तीच्या मानाने पाहिले तर हिला मोठे गाव म्हणणेच जास्त शोभेल. ज्या रीलफूट तळ्यावरून तिला नाव मिळाले, ते तळे १८११ पूर्वी आजच्या रूपात नव्हते. डिसेंबर १८११ ते फेब्रुवारी १८१२ या काळात नदीपलीकडच्या न्यू मॅड्रिड गावाच्या परिसराला भूकंपांचे प्रचंड धक्के बसले, नदी काही काळ उलटी वाहिल्याचे प्रत्यक्षदर्शींनी नोंदवून ठेवले, आणि सायप्रस वृक्षांचे जंगल असलेली सखल जमीन खचून तेथे पाणी साठले. त्या बुडालेल्या झाडांचे बुंधे आजही पाण्याखाली उभे आहेत, आणि म्हणूनच त्यांवरून सरकू शकणाऱ्या, ‘स्टंपजंपर’ नावाच्या खास होड्या तेथे बनू लागल्या.

१८१८ च्या करारानंतर चिकासॉ या मूळनिवासी जमातीची ही भूमी गोऱ्या वसाहतकारांना खुली झाली. तेव्हा हा भाग ओबायन काउंटीत होता, आणि तळे व दलदल ओलांडून तिच्या मुख्यालयी जाणे पश्चिमेकडील रहिवाशांना जिकिरीचे होते. १८७० मध्ये तो भाग वेगळा काढून लेक काउंटी झाली आणि टिप्टनव्हिल तिचे मुख्य ठिकाण ठरले.

जमीन पाण्याखाली गेली, तरी कागदावरची मालकी बुडाली नव्हती. भूकंपापूर्वीच्या जुन्या जमीनदानांच्या आधारे वेस्ट टेनेसी लँड कंपनीने तळ्यावर हक्क सांगितला, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या येथे मासे धरणाऱ्यांची उपजीविकाच धोक्यात आली. १९०८ मध्ये तोंडे झाकून रात्री हिंडणाऱ्या ‘नाइट रायडर्स’नी जाळपोळ व मारहाण आरंभली आणि ऑक्टोबरमध्ये कंपनीशी संबंधित वकील क्वेंटिन रँकिन यांना ठार केले, त्यांचे सहकारी रॉबर्ट टेलर पाण्यात उडी घेऊन निसटले. गव्हर्नर माल्कम पॅटरसन यांनी सैन्य धाडले. सहा जणांना झालेली फाशीची शिक्षा वरिष्ठ न्यायालयात टिकली नाही. कंपनीशी ज्यांचा काही संबंध नव्हता, अशांनाही या टोळ्यांनी चाबकाने फोडले होते, त्यामुळे त्यांना निव्वळ लोकहक्काचे लढवय्ये म्हणणे अवघड आहे. १९१३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तळे नौकानयनयोग्य ठरवून लोकांचा मासेमारीचा हक्क मान्य केला, आणि पुढे ते राज्याच्या ताब्यात आले.

१९४१ मध्ये येथे राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थान स्थापन झाले. हिवाळ्यात टकले गरुड पाहायला लोक येतात. पूर्वेकडील टेकाडांवरच्या शेतांतून वाहून येणारा गाळ मात्र हे मुळातच उथळ तळे हळूहळू भरीत आहे.