कूलरच्या घरघरीत व्हायोलिन: पिकअपची पार्श्वभूमी

जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात मैफल म्हटली की स्टेजच्या दोन्ही अंगांना भले मोठे कूलर आलेच. स्टँडवरचा माईक आधी त्यांची घरघर उचलतो, मग तबला, आणि जागा उरलीच तर व्हायोलिन. साऊंडवाल्याने आवाज वाढवला की शिट्टी. मग कोणीतरी म्हणतंच, "पिकअप लावून टाका ना भाऊ." पिकअप म्हणजे वाद्याचा कंप थेट विजेत बदलून स्पीकरकडे धाडणारी छोटी वस्तू.

व्हायोलिन कमी ऐकू येतं ही तक्रार जुनीच. भोंग्यासमोर बसून ध्वनिमुद्रण व्हायचं त्या काळात ऑगस्टस स्ट्रो याने लाकडी पेटीऐवजी पातळ पडदा आणि धातूचा कर्णा असलेलं व्हायोलिन काढलं. पेटंट १८९९ चं. आवाज मोठा झाला, गोडवा गेला. हा सौदा तेव्हापासून चालूच आहे.

पुढे १९३० च्या दशकात गिटारला चुंबकीय पिकअप लागला. आपल्या वरातीतल्या बँजोला असतो तोच प्रकार. पण त्याला पोलादी तार लागते. आतड्याच्या किंवा कृत्रिम धाग्याच्या तारेवर ॲल्युमिनियम नाहीतर चांदी गुंडाळलेली असली, तर चुंबकाला ती ऐकूच येत नाही. तरी त्याच दशकात न्यूयॉर्कच्या गजबजलेल्या क्लबांत स्टफ स्मिथ हा जॅझवादक व्हायोलिन विजेवर वाजवू लागला होता. गरज तीच, गोंगाटाची.

खरा रस्ता निघाला तो स्फटिकांतून. दाबला की वीज देणारे स्फटिक असतात, हे पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० साली दाखवलं होतं. त्यातलं रोशेल मीठ पुढे ग्रामोफोनच्या पिकअपमध्ये आलं. पण ते दमटपणाने बिघडतं आणि ५५ अंशांच्या आसपास कामातून जातं. मे महिन्यात भुसावळला बंद गाडीत ठेवलं असतं, तर मैफलीआधीच संपलं असतं! नंतरच्या सिरॅमिक स्फटिकांना असल्या उन्हाचं काही वाटत नाही. १९६० च्या दशकात लेस बार्कस आणि व्हायोलिनवादक जॉन बेरी यांनी असा स्फटिक थेट वाद्याला लावला, आणि आजचे घोडीवरचे (तारा पेलणाऱ्या लाकडी पट्टीवरचे) पिकअप त्याच वाटेने आले.

घोडीवरचा स्फटिक हवा ऐकत नाही, कंप ऐकतो. म्हणून कूलर गायब. पण पेटीतून घुमून बाहेर येणारा आवाजही त्याच्या वाट्याला फारसा येत नाही. उलट गजाची खरखर आणि राळेचा चरचराट मात्र पुरेपूर येतो. मींडप्रधान वादनात हे फार टोचतं.

त्यात एक चूक हमखास होते: वायर थेट मिक्सरला. मिक्सरच्या लाइनचा विद्युत अडथळा (इम्पीडन्स) साधारण दहा हजार ओहमचा आणि स्फटिकाला समोर हवेत निदान दहा लाख. मग खर्ज गळतो, आवाज पत्र्यासारखा होतो आणि दोष पिकअपवर जातो. मध्ये प्रीॲम्प, म्हणजे स्फटिकाचा नाजूक सिग्नल मिक्सरजोगा करणारी छोटी पेटी, लावला की निम्मी तक्रार मिटते.

म्हणून माझं मत असं: बंद, शांत सभागृहात वाद्यालाच अडकवायचा छोटा कंडेन्सर माईक. कूलर, मंडप, मोठा मॉनिटर (वादकाकडे तोंड केलेला स्पीकर) असेल तिथे घोडीच्या कडेच्या खाचेत बसणारा पिकअप आणि प्रीॲम्प. घेण्याआधी मांडी घालून, वाद्य छातीला टेकवून वाजवून बघा. बरेचसे जॅक (वायर खुपसायची जागा) उभ्याने वाजवणाऱ्यांच्या हिशेबाने बसवलेले असतात. आपल्या बैठकीत तो कुर्त्याला घासला, की तीही खरखर स्पीकरमधून शेवटच्या रांगेपर्यंत पोचते.