कीकली, ल्यूक : महाविद्यालयीन कारकीर्द

कीकली, ल्यूक (२० एप्रिल १९९१– ). अमेरिकन फुटबॉलमधील लाइनबॅकर. २००९ ते २०११ या तीन हंगामांत बॉस्टन कॉलेजच्या संघाकडून खेळताना त्याने ३८ सामन्यांत ५३२ टॅकल केले. आडनावाची रोमन अक्षरे पाहून वाचणारा हमखास अडखळतो. उच्चार मात्र सरळ ‘कीकली’ असाच आहे. पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये त्याने मोठे नाव कमावले, पण या नोंदीचा विषय त्याची महाविद्यालयातील तीन वर्षे आहे. खेळाडू म्हणून तो काय चीज आहे, हे तिथेच पुरते दिसले होते.

लाइनबॅकरचे काम. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन पळतात. आक्रमक संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात. बचाव करणाऱ्या अकरा जणांत सगळ्यात पुढे धिप्पाड गड्यांची फळी असते, सगळ्यात मागे चपळ पळणारे असतात आणि या दोहोंच्या मध्ये लाइनबॅकर उभे राहतात. पुढच्या फळीतून चेंडू घेऊन कोणी निसटला तर त्याला आडवा करायचा, आणि चेंडू हवेतून फेकला गेला तर मागे धावून तो अडवायचा, अशी दुहेरी जबाबदारी त्यांच्यावर असते. मधल्या लाइनबॅकरला खेळाडूंच्या बोलीत ‘माइक’ म्हणतात. त्याच्या दोन्ही बाजूंचे ते ‘सॅम’ आणि ‘विल’. चेंडूवाल्याला धरून जमिनीवर आणणे म्हणजे टॅकल. कबड्डी पाहणाऱ्याला ‘पकड’ म्हटले की लगेच कळेल. फरक एवढाच की कबड्डीत चढाई करणारा समोरच दिसतो, इथे चेंडू नेमका कोणाकडे आहे हेच आधी ओळखावे लागते. पकड एकट्याने केली तर एकेरी टॅकल, दोघांनी मिळून केली तर साहाय्यित; एकूण आकड्यात दोन्ही धरतात.

माइकवर आणखी एक भार असतो. कीकलीच्या काळात महाविद्यालयीन सामन्यांत शिरस्त्राणात रेडिओ बसवायला परवानगी नव्हती; सर्वोच्च श्रेणीत ती २०२४ मध्ये मिळाली. त्यामुळे प्रशिक्षक मैदानाबाहेरून हातवारे करायचे, माइक ते वाचायचा आणि ओरडून उरलेल्या दहा जणांना जागा लावून द्यायचा. समोरच्या संघाने ऐन वेळी रचना बदलली की हे सगळे काही सेकंदांत पुन्हा करायचे.

पार्श्वभूमी. कीकली ओहायो राज्यातील सिनसिनाटीचा. शिक्षण तेथील सेंट झेव्हियर हायस्कूलमध्ये झाले. ही जेझुइटांची शाळा, आणि ज्या संताचे नाव तिला दिले आहे त्याचेच शव जुन्या गोव्याच्या बासिलिकेत आहे. मुंबईच्या झेव्हियर्सशी या शाळेचे नाते जुळते ते तेवढ्याच धाग्याने. ओहायोत शालेय फुटबॉल म्हणजे गावोगावचा उत्सव असतो. २००७ मध्ये सेंट झेव्हियरने एकही सामना न गमावता राज्य अजिंक्यपद जिंकले, त्या संघात कीकली होता. तरीही महाविद्यालयांनी त्याच्यासाठी रांग लावली नव्हती. बॉस्टन कॉलेज हेही जेझुइट विद्यापीठ. त्याने तेच निवडले आणि विपणन हा विषय घेतला.

मिळालेली जागा. ल्यूक २००९ मध्ये दाखल झाला तेव्हा संघात मोठी उलथापालथ झालेली होती. व्यावसायिक संघाकडे मुलाखतीला गेल्यामुळे मुख्य प्रशिक्षक जेफ जॅगोडझिन्स्की यांना जानेवारीत काढून टाकले होते आणि बचावाचे जुने जाणकार फ्रँक स्पॅझियानी यांच्याकडे सूत्रे आली होती. त्याहून मोठा धक्का मे महिन्यात बसला. बॉस्टन कॉलेज ज्या विद्यापीठांच्या गटात खेळते त्या अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचा आदल्या वर्षी सर्वोत्तम बचावपटू ठरलेला लाइनबॅकर मार्क हर्झलिक याला युइंग्ज सार्कोमा हा हाडाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. पूर्ण २००९चा हंगाम त्याने उपचारांत घालवला. त्याच्या अनुपस्थितीत लाइनबॅकरांच्या फळीत जी पोकळी झाली, तिथे पहिल्या वर्षाच्या पोराला उभे केले गेले.

त्या पोराने १३ सामन्यांत १५८ टॅकल केले. देशभरात त्याच्यापुढे एकच खेळाडू होता. कॉन्फरन्सच्या सर्वोत्तम नवोदित बचावपटूचा मान त्याला मिळाला. हर्झलिक आजारातून उठून २०१० मध्ये मैदानावर परतला आणि त्या हंगामात दोघे एकाच फळीत खेळले. महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये अशा भावुक कथांना तोटा नसतो, त्यातल्या बऱ्याच ओढूनताणून रंगवलेल्या असतात. ही मात्र जशी घडली तशी सांगितली तरी पुरते. हर्झलिक पुढे न्यूयॉर्क जायंट्सकडून व्यावसायिक फुटबॉलही खेळला.

५३२चा हिशेब. २०१० मध्ये १३ सामन्यांत १८३ टॅकल, २०११ मध्ये १२ सामन्यांत १९१. दोन्ही वर्षी देशात पहिला क्रमांक. तीन वर्षांची सरासरी सामन्यागणिक १४. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये एवढे टॅकल त्याआधी कोणी केले नव्हते. त्या वेळी देशाच्या यादीत त्याच्यावर एकच नाव होते, नॉर्थवेस्टर्नच्या टिम मॅकगॅरिगलचे. मॅकगॅरिगलने चार हंगामांत ५४५ केले होते, कीकलीने तीनच हंगाम खेळले. एका हंगामाचा विचार केला तर टेक्सस टेकच्या लॉरेन्स फ्लुजन्सने २००२ मध्ये १९३ टॅकल केले होते, पण त्याला १४ सामने मिळाले होते.

या आकड्यांकडे थोडे सावधपणे पाहायला हवे. राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने बचावाची अधिकृत आकडेवारी ठेवायला सुरुवात केली ती २००० पासून. त्याआधीच्या दिग्गजांचे टॅकल ज्याच्या त्याच्या विद्यापीठाच्या वहीत. शिवाय सामन्यातले टॅकल यजमान संघाचे नोंदकरी मोजतात, आणि ढिगाऱ्यात कोणाचा हात आधी लागला याचा निवाडा त्यांच्या नजरेवर असतो. आणखी एक अडचण खेळातच आहे. बचाव दुबळा असला, प्रतिस्पर्ध्याकडे चेंडू जास्त वेळ राहिला, की लाइनबॅकरला टॅकल करायच्या संधी आपोआप वाढतात. २००९ मध्ये बॉस्टन कॉलेजने आठ सामने जिंकले, २०१० मध्ये सात, २०११ मध्ये फक्त चार, आणि हरले आठ. कीकलीचा आकडा मात्र दर वर्षी चढत गेला. उपरोधाने म्हणायचे तर संघ जितका खाली गेला तितका तो वर दिसला.

मग हे सगळे फुगवलेले म्हणायचे का? तसे नाही. संधी मिळणे वेगळे आणि प्रत्येक संधीला चेंडूपाशी हजर असणे वेगळे. तो मैदानात कुठे पोचायचा हे पाहिले की खुलासा होतो. चेंडू हलण्याआधी चांगला लाइनबॅकर चेंडूवाल्याकडे बघतच नाही. तो समोरच्या फळीतल्या गार्डांकडे, म्हणजे मधल्या गड्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्यांकडे बघतो. गार्ड खांदे पाडून पुढे झेपावला तर चेंडू पळवायचा बेत आहे. तो मागे सरकून उभा राहिला, शिरस्त्राण वर दिसले, तर फेक येणार. गार्ड आपली जागा सोडून बाजूला धावू लागला तर ज्या दिशेला तो निघाला त्या दिशेला चेंडूही येणार. हे नियम शाळेतल्या मुलालाही पाठ असतात. अवघड असते ते अर्ध्या सेकंदात त्यावर विश्वास ठेवून पाय उचलणे. चुकलात तर मागे मोकळे मैदान असते. कीकली तो पाय फार लवकर उचलायचा आणि फार क्वचित चुकायचा.

शरीराने तो अचाट होता असे नाही. सहा फूट तीन इंच उंची लाइनबॅकरला साजेशी, नवल वाटावे अशी नाही. महाविद्यालय सोडताना झालेल्या चाचणीत ४० यार्ड त्याने ४.५८ सेकंदांत पार केले तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटले, कारण तो वेगवान आहे असा समज नव्हता. वेग होता, पण मैदानात तो दिसून येत नसे. आधीच निघालेल्या माणसाला जिवाच्या आकांताने धावावे लागत नाही. पुढे व्यावसायिक सामन्यांत प्रतिस्पर्ध्याचा डाव चेंडू हलण्याआधीच ओरडून सांगणारा म्हणून त्याची ख्याती झाली.

हवेतल्या चेंडूचाही त्याला अंदाज होता. महाविद्यालयात त्याने सात इंटरसेप्शन केले, म्हणजे समोरच्याने आपल्या गड्यासाठी फेकलेला चेंडू मधल्या मध्ये झेलला. मधल्या लाइनबॅकरसाठी हा आकडा चांगलाच म्हणायला हवा.

मायामीतला शेवट. बॉस्टन कॉलेजच्या लोकस्मृतीत एक फेक कोरलेली आहे. २३ नोव्हेंबर १९८४ रोजी मायामीत, शेवटच्या क्षणी क्वार्टरबॅक (आक्रमणाचा सूत्रधार आणि चेंडू फेकणारा) डग फ्लुटीने फेकलेला लांबलचक पास झेलला गेला आणि संघाने मायामी विद्यापीठाला ४७–४५ असे हरवले. फ्लुटीला त्याच वर्षी देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचे हाइझमन पारितोषिक मिळाले. चेस्टनट हिल येथील अ‍ॅलम्नाय स्टेडियमबाहेर, म्हणजे कॉलेजच्या घरच्या मैदानाबाहेर, त्याचा पुतळा आहे. लाइनबॅकरांचे पुतळे सहसा कोणी उभारत नाही. त्यांच्या वाट्याला असा एक झळाळता क्षण येत नाही; येतात त्या शेकडो पकडी, एकीसारखी दुसरी. कीकलीचा शेवटचा महाविद्यालयीन सामना मात्र योगायोगाने मायामीतच, त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध, २५ नोव्हेंबर २०११ रोजी झाला. त्यात त्याने एक पास मध्येच झेलला आणि थेट टचडाउनपर्यंत, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेला. बॉस्टन कॉलेज २४–१७ असे जिंकले. वाया गेलेल्या हंगामातला तो चौथा आणि अखेरचा विजय.

पारितोषिके. आठ पराभव पत्करलेल्या संघातील खेळाडूला २०११ मध्ये बटकस, नागुर्स्की, लोंबार्डी आणि लॉट ही चारही राष्ट्रीय पारितोषिके मिळाली. कॉन्फरन्सचा सर्वोत्तम बचावपटूही तोच ठरला. २०१० आणि २०११ अशी दोन वर्षे तो देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूंच्या अखिल अमेरिकन या मानाच्या संघात निवडला गेला, दुसऱ्या वर्षी एकमताने. यांतले बटकस पारितोषिक खास लाइनबॅकरांचे. इलिनॉय विद्यापीठाच्या डिक बटकसचे नाव त्याला दिलेले आहे. बटकस १९६४ मध्ये हाइझमनच्या मतदानात तिसरा आला होता, बचावपटूसाठी ते मोठेच होते. पारितोषिक १९८५ मध्ये सुरू झाले आणि पहिली दोन्ही वर्षे ओक्लाहोमाच्या ब्रायन बॉसवर्थने ते नेले. बॉसवर्थ रंगवलेल्या केसांचा, बेधडक बोलणारा; कीकली त्याच्या अगदी उलट, मुलाखतीत चार वाक्ये बोलून मोकळा होणारा. नागुर्स्की पारितोषिक नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट शहरात दिले जाते. काही महिन्यांत तेच शहर त्याचे कामाचे गाव झाले.

पैशाचा प्रश्न. कीकली खेळला तेव्हा महाविद्यालयीन खेळाडूला शिष्यवृत्तीपलीकडे कमाई करायला बंदी होती. स्वतःच्या नावाचा आणि छबीचा मोबदला घ्यायची मोकळीक जुलै २०२१ मध्ये मिळाली. शाळा सोडून तीन वर्षे झाल्याशिवाय व्यावसायिक संघात जाता येत नाही, असाही नियम होता आणि आहे. कीकलीने ती तीन वर्षे पुरी होताच, चौथा हंगाम न खेळता, व्यावसायिक निवडीसाठी नाव दिले. मॅकगॅरिगलचा आकडा अवघ्या १३ टॅकलच्या अंतरावर होता. कीकलीच्या सरासरीने पाहता एका सामन्याचे काम. त्यासाठी तो थांबला नाही, आणि थांबायला हवे होते असे म्हणणारा कोणी शहाणा भेटत नाही.

नंतर. एप्रिल २०१२ मध्ये शार्लटच्या कॅरोलायना पँथर्स या व्यावसायिक संघाने निवडीत त्याला नवव्या क्रमांकावर घेतले. तिथेही इतिहासाची पुनरावृत्ती झाली. नेहमीचा मधला लाइनबॅकर जॉन बीसन जायबंदी झाला आणि त्याची जागा कीकलीकडे आली. पहिल्याच वर्षी तो व्यावसायिक लीगचा सर्वोत्तम नवोदित बचावपटू ठरला, २०१३ मध्ये सर्वोत्तम बचावपटू. डोक्याला वारंवार बसलेल्या मारानंतर जानेवारी २०२० मध्ये, अवघ्या २८व्या वर्षी, त्याने निवृत्ती घेतली. इतरांच्या आधी जागा ओळखणारा हा खेळाडू शेवटी आपल्या डोक्याच्या काळजीने मैदानाबाहेर गेला, हे त्याच्या चाहत्यांना आजही टोचते.

महाविद्यालयीन फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये २०२३च्या तुकडीत त्याचा समावेश झाला. मॅकगॅरिगलचा ५४५ टॅकलचा विक्रम त्याआधीच, २०२२ मध्ये, ट्रॉय विद्यापीठाच्या कार्लटन मार्शलने मोडला होता. महासाथीमुळे खेळाडूंना एक जादा वर्ष मिळाले होते, त्यामुळे मार्शलला पाच हंगाम खेळता आले.