पोषण निदान विधान

पोषण निदान विधान : रुग्णाच्या खाण्यापिण्याची चौकशी आणि तपासणी झाल्यावर आहारतज्ज्ञाने केसपेपरवर लिहायचे एक वाक्य. समस्या, तिचे कारण आणि पुरावा अशी तिन्ही अंगे त्यात येतात. Problem (समस्या), Etiology (कारण), Signs/Symptoms (पुरावा) या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्याला 'पीईएस' म्हणतात. अमेरिकेतील आहारतज्ज्ञांच्या संघटनेने 2003 मध्ये स्वीकारलेल्या चार टप्प्यांच्या पोषण सेवा प्रक्रियेतला हा दुसरा टप्पा. 'ॲनिमिया' हे रोगनिदान, ते डॉक्टरांचे. 'लोहाचे अपुरे सेवन' हे पोषण निदान.

बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणारी तिशीतली बाई उदाहरणादाखल घेऊ. शिकाऊ हात लिहितो : 'आहाराविषयी अज्ञानामुळे ॲनिमिया, अशक्तपणा जाणवतो.' यात तिन्ही अंगे आहेत, तरी वाक्य निकामी. समस्या डॉक्टरांची, पुरावा मोजता न येणारा. आणि 'अज्ञान' हे कारण तर केसपेपरवर सर्रास चिकटवले जाते. बाईला विचारले तर ती सांगते, गावी वरण रोज असते. उसाच्या फडावर पहाटेच निघायचे, कोपीत, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीत, चूल एकदाच पेटते, तेव्हा भाकरी आणि ठेचा. डाळीचे महत्त्व तिला तक्ते दाखवून काय शिकवणार?

सुधारलेले विधान असे : 'फडावर दिवसातून एकदाच स्वयंपाक होत असल्याने व डाळ-पालेभाजी सुटल्याने लोहाचे अपुरे सेवन, आदल्या दिवसाच्या आहारनोंदीत भाकरी, ठेचा, चहा, लोह अंदाजे 15 मिलिग्रॅम (शिफारस 29), हिमोग्लोबिन 9.4.' मराठीत कारण आधी आणि समस्या नंतर येणे स्वाभाविक. इंग्रजी साच्याचा क्रम ओढूनताणून पाळू नये.

विधान तपासताना पहिला प्रश्न कारणाला : यावर आहारतज्ज्ञाला काही करता येईल का? मराठवाड्यात 'दुष्काळ' किंवा 'गरिबी' लिहिणे खोटे नसते, पण त्यावर आहारतज्ज्ञाचा इलाज नाही. 'एकदाच चूल' यावर मात्र उपाय निघतो : रात्रीच मूग भिजत घालणे, भाकरीबरोबर शेंगदाणा-तिळाची चटणी आणि लिंबाची फोड, चहा जेवणानंतर तासाभराने. लिंबातले क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करते, चहातले टॅनिन अडवते. उपाय कारणावर बेततात, पाठपुरावा पुराव्यावर. लोहाच्या गोळ्या चालू असल्या तर ताट तेच राहूनही हिमोग्लोबिन वाढते. म्हणून पुराव्यात रक्ताच्या आकड्याशेजारी आहारातला आकडाही हवा.